कर्करोगाच्या उपचारांत घरच्यांनी ठेवायची वही

कर्करोगाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठ दिवसांत घरी येणारा प्रत्येक जण काही ना काही सांगून जातो. कोणी एखाद्या वैद्याचा पत्ता देतो, कोणी गव्हांकुराच्या रसाची कृती पाठवतो, कोणाच्या साडूला अगदी असेच झालेले असते. पण केमो घेऊन घरी आल्यावर पाचव्या रात्री अंगात कणकण भरली तर काय करायचे, गोळी द्यायची की रिक्षा बोलवायची, हे सांगणारा माणूस त्यांत सहसा नसतो. माझ्या आईच्या उपचारांच्या काळात आमच्या घरी एक दोनशे पानी वही होती आणि तिच्यात तारीख घालून लिहिलेल्या चार ओळींनी डॉक्टरांशी होणारे पाच मिनिटांचे बोलणे सार्थकी लागले, असे मी आजही म्हणेन. ती वही कशी ठेवावी, तिच्यात कोणते प्रश्न असावेत आणि उपचारांमुळे होणारे त्रास घरी कसे सांभाळावेत, हे पुढे क्रमाने मांडले आहे. औषधाचा डोस ठरवणे हे मात्र सर्वस्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे, हे गृहीत धरूनच हे वाचावे.

पहिली पायरी: रुग्णाला विचारणे

आपल्याकडे नातेवाईक डॉक्टरांच्या खोलीत आधी एकटे शिरतात आणि "बाबांना काही सांगू नका" असे सांगतात. यामागची माया समजण्यासारखी आहे. पण केस गळू लागले, वॉर्डात आजूबाजूला तसेच रुग्ण दिसू लागले की बाबांना सगळे कळते, आणि मग ज्यांच्याशी बोलायचे त्याच माणसांसमोर त्यांना न कळल्याचे सोंग करावे लागते. त्याऐवजी रुग्णालाच सरळ विचारावे: "तुमच्या आजाराबद्दल डॉक्टरांनी सगळे तुम्हालाच सांगावे असे वाटते, की आम्ही ऐकून घेऊन जरुरीपुरते सांगावे?" काहींना प्रत्येक आकडा हवा असतो, काहींना फक्त पुढची तारीख पुरते, आणि हे उत्तर महिन्याभराने बदलूही शकते. म्हणून हा प्रश्न अधूनमधून पुन्हा विचारावा. उत्तर काहीही आले तरी त्रासाची लक्षणे कोणती आणि ती कोणाला सांगायची, एवढे रुग्णाला स्वतःला माहीत असलेच पाहिजे, कारण दुपारी घरात तो एकटा असू शकतो.

दुसरी पायरी: फाईल लावणे

वहीसोबत एक जाड फाईल घ्यावी आणि कागद तारखेच्या क्रमाने लावावेत. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट सर्वांत वर असावा, कारण उपचारांची सगळी दिशा त्यावरून ठरते. बायोप्सी एका ठिकाणी झाली आणि उपचार दुसरीकडे घ्यायचे ठरले, तर नुसता कागद पुरत नाही. गाठीच्या तुकड्याचे मेणात बसवलेले ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही पहिल्या प्रयोगशाळेकडून मागून न्याव्या लागतात. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात त्या पुन्हा तपासल्या जातात. जळगाव किंवा नांदेडहून रात्रभर प्रवास करून आलेले कुटुंब ब्लॉक गावी राहिले म्हणून परत फिरते, तेव्हा आठवडा वाया जातो. स्कॅनची फक्त छापील पाने न घेता सीडीही घ्यावी. सर्व कागदांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असावेत.

पैशांची चौकशीही याच टप्प्यावर करावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ही योजना कॅशलेस असल्यामुळे आधी पैसे भरून मागाहून परत मागण्याचा विचार करू नये. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन उपचारांपूर्वीच भेटावे. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या शयनयान आणि थ्री एसी डब्यांत तिकीट माफ असते आणि सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र रुग्णालयाकडून भरून घ्यावे लागते. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन ही नावे बाहेरगावचे रुग्ण एकमेकांना सांगत आले आहेत. जागा मर्यादित असते, म्हणून रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी लवकर मिळवावी.

तिसरी पायरी: उपचार सुरू होण्याआधीचे प्रश्न

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहूनच डॉक्टरांकडे जावे, कारण त्या खुर्चीत बसल्यावर निम्मे प्रश्न आठवत नाहीत. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: हे उपचार आजार पूर्ण बरा करण्यासाठी आहेत, की तो आटोक्यात ठेवून त्रास कमी करण्यासाठी? कित्येक घरांत वर्षभर उपचार चालतात आणि हा एकच प्रश्न कोणी विचारलेला नसतो. जमीन विकायची का, मुलीचे लग्न पुढे ढकलायचे का, यांसारखे निर्णय त्याच उत्तरावर अवलंबून असतात. त्यानंतर एकूण किती सायकल, म्हणजे केमोच्या फेऱ्या, दोन सायकलींत किती दिवसांचे अंतर, उपचार लागू पडतो आहे हे कोणत्या तपासणीने आणि केव्हा कळणार, औषधांची नावे काय आणि त्यांतल्या प्रत्येकाचा नेहमीचा त्रास कोणता, हे विचारून लिहून घ्यावे. 'स्टेज' म्हणजे आजार कुठवर पसरला आहे आणि 'ग्रेड' म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात. या दोन शब्दांची गल्लत झाली की घरात विनाकारण रडारड होते.

काही गोष्टी उपचार सुरू झाल्यावर हातातून निसटतात. पुढे मूल हवे असेल तर शुक्राणू किंवा बीजांड साठवण्याची चौकशी पहिल्या केमोपूर्वी करावी. डॉक्टर गडबडीत असतील तर आपण विषय काढावा, लाजू नये. तोंडाच्या किंवा गळ्याच्या भागाला रेडिएशन द्यायचे असेल तर किडलेले दात आधी काढून घ्यावे लागतात, कारण रेडिएशननंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि घरी चालू असलेली आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक औषधे यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी.

चौथी पायरी: रोजची नोंद

रोज संध्याकाळी एकाच वेळी वही उघडावी. केमोचा कितवा दिवस, ताप किती, उलट्या किती, शौचाला किती वेळा, किती खाल्ले, वेदना शून्य ते दहा यांपैकी किती, वजन आठवड्यातून एकदा, एवढे पुरे. "खूप त्रास झाला" असे लिहू नये; "तिसऱ्या दिवशी सहा उलट्या, पाणीसुद्धा राहिले नाही" असे लिहावे, कारण दुसऱ्या वाक्यावरून डॉक्टर औषध बदलू शकतात.

याला घरगुती खटाटोप समजू नये. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, केमोच्या काळात आपली लक्षणे संगणकावर नियमित नोंदवणाऱ्या आणि त्रास वाढताच ज्यांच्या परिचारिकांना सूचना जात असे अशा रुग्णांचा मध्यवर्ती आयुष्यकाळ (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ३१.२ महिने आढळला, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचा २६ महिने. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्या केंद्रात संगणक आणि परिचारिका होत्या. आपल्याकडे वही आणि वॉर्डाचा फोन नंबर असतो, म्हणून तो नंबर मागून घेऊन वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहावा.

ताप: ज्यासाठी थांबायचे नसते

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. वॉर्डात याला नुसते "पेशी कमी झाल्या" असे म्हणतात. या काळात शरीराकडे संसर्गाशी झुंजायला सैन्य नसते. त्यामुळे पू दिसत नाही, खोकल्याला कफ नसतो, आणि ताप हे एकमेव लक्षण असू शकते. तापमान १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त भरले, तर वेळ कोणतीही असो, रुग्णालयाला फोन करून निघावे. सकाळपर्यंत वाट पाहणे, फॅमिली डॉक्टरांकडून साधी गोळी आणणे किंवा घाम काढण्यासाठी पांघरूण घालणे, यांत गेलेले काही तास जिवावर बेततात. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असे या परिस्थितीसाठीचे वैद्यकीय संकेत आहेत. यावरून घाई किती असते ते कळावे.

घरी डिजिटल थर्मामीटर हवाच. काखेत घेतलेले तापमान तोंडातल्यापेक्षा थोडे कमी भरते, म्हणून काखेत १०० च्या आसपास दिसले आणि अंग मोडून आले असेल तर तोंडात पुन्हा मोजावे, आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा किंवा पाणी घेऊ नये. गुदद्वारात थर्मामीटर घालू नये. तापमान मोजून डॉक्टरांशी बोलण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण ते ताप झाकते. उलटीसाठी दिलेले डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइडही ताप दाबू शकते. म्हणून ताप नसताना थंडी वाजून थरथर सुटली, रुग्ण गळून गेला किंवा असंबद्ध बोलू लागला, तरी ती तातडीचीच वेळ समजावी.

मुंबई-पुण्यात केमो घेऊन गावी राहणाऱ्यांनी एक काम पहिल्याच सायकलीत उरकावे. आपल्या घरापासून तासाभराच्या आत रात्री रक्ताची सीबीसी तपासणी (पेशींची मोजणी) आणि शिरेतून प्रतिजैविक देण्याची सोय कोणत्या रुग्णालयात आहे, हे प्रत्यक्ष जाऊन पाहून ठेवावे. एका कागदावर आजार, औषधांची नावे, शेवटच्या केमोची तारीख आणि केस पेपर नंबर लिहून तो रुग्णाच्या खिशात ठेवावा. तालुक्याच्या ठिकाणी रात्रपाळीच्या डॉक्टरांना पहिले वाक्य "ताप आलाय" असे न सांगता "केमो चालू आहे, आज दहावा दिवस आहे आणि ताप आलाय" असे सांगावे. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना हे वाक्य न सुचल्यामुळे कॅज्युअल्टीत दोन तास बाकावर बसावे लागले होते.

संसर्ग टाळण्यासाठी हात धुणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. भेटायला येणाऱ्यांपैकी सर्दी-खोकला असलेल्यांना नम्रपणे दारातूनच परत पाठवावे. कच्ची मोडाची कडधान्ये, रस्त्यावरची चटणी आणि उसाचा रस, न तापवलेले दूध आणि अर्धकच्चे अंडे या काळात टाळावे. ताजे शिजवलेले घरचे अन्न आणि सालासकट धुऊन मग सोललेले फळ खायला हरकत नसते.

मळमळ आणि उलटी

उलटीच्या गोळीबाबत होणारी चूक एकच आहे: उलटी झाल्यावर ती घेणे. सिस्प्लॅटिनसारख्या औषधांमुळे होणारी मळमळ दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत टिकते, म्हणून चिठ्ठीवर जितके दिवस लिहिले आहेत तितके दिवस, बरे वाटत असले तरीही, गोळ्या वेळेवर घ्याव्यात. ओलान्झापिन हे औषध या कामी फार उपयोगी पडते, मात्र त्याने झोप येते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेहमीच्या १० मिलिग्रामऐवजी २.५ मिलिग्राम मात्राही उलटी रोखण्यात मागे पडली नाही आणि गुंगी कमी आली. दिवसभर पेंग येत असेल तर याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. केमिस्टने चिठ्ठीत मानसिक आजाराचे औषध पाहून भुवई उंचावली तरी घाबरू नये.

ओन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीने बद्धकोष्ठ होते, हे आधीच माहीत असले की चौथ्या दिवशी पोट फुगल्यावर धावपळ होत नाही. फोडणीचा वास उलटीला निमंत्रण देतो, त्यामुळे रुग्ण स्वयंपाकघरापासून लांब बसावा आणि अन्न कोमट किंवा गार करून द्यावे. चोवीस तास पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल किंवा उलटीत रक्त दिसले, तर रुग्णालय गाठावे.

तोंड येणे आणि जेवण

केमोनंतर पाच ते दहा दिवसांत तोंड येते आणि बहुधा पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बरे होते. यासाठीचे पाणी घरीच करावे: एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा. याने दिवसातून पाच-सहा वेळा, विशेषतः जेवणानंतर, गुळण्या करून पाणी थुंकून टाकावे आणि दुसऱ्या दिवशी नवे करावे. दात घासायला लहान मुलांचा मऊ ब्रश वापरावा. अल्कोहोल असलेले माउथवॉश जखमा झोंबवते. जिभेवर पांढरा थर आला तर ती बुरशी असू शकते आणि त्यावर वेगळे औषध लागते. मिश्री आणि तंबाखूची गोष्ट स्पष्टच बोलावी लागेल: "दातांना सवय आहे" म्हणून तोंडाच्या उपचारांच्या काळातही मिश्री लावणाऱ्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. त्यांना रागावून उपयोग होत नाही. व्यसनमुक्तीसाठी मदत मागावी, कारण मिश्री सुटल्याशिवाय जखमा नीट भरत नाहीत.

जेवणाबाबत सर्वाधिक गोंधळ असतो. साखर बंद केली की गाठ उपाशी मरते, ही समजूत चुकीची आहे. वजन उतरले की मात्र केमो लांबते किंवा डोस कमी करावा लागतो. शरीराला दर किलो वजनामागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात तेवढीच किंवा किंचित जास्त, मूठभर शेंगदाण्यांत साधारण ७ ग्रॅम असतात. हिशेब केला की नुसत्या भाताच्या पेजेने भागणार नाही, हे उमगते. म्हणून पेज द्यायचीच तर तिच्यात मुगाची डाळ शिजवून घालावी, मऊ भातावर तूप-मेतकूट घालावे, नाचणीची खीर दुधात करावी आणि थोडेथोडे सहा-सात वेळा द्यावे. संकष्टी आणि एकादशीचे उपवास या काळात सोडावेत. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, आणि देवाला ते कळते. मधुमेह असलेल्यांनी मात्र स्टेरॉइडच्या दिवसांत साखर तपासत राहावे, कारण ती एकदम चढते.

पोट, हात-पाय आणि इतर

नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा अधिक वेळा जास्त जुलाब झाले तर डॉक्टरांना फोन करावा आणि तोवर ओआरएस सुरू करावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या चालू असताना जुलाब सुरू झाले तर पुढची गोळी घेण्याआधी विचारावे. याच गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. युरिया असलेले मलम रोज लावावे, गरम पाण्यात हात घालणे आणि अनवाणी चालणे टाळावे.

ऑक्सॅलिप्लॅटिन घेतल्यावर काही दिवस थंड पाणी किंवा फ्रिजमधले भांडे हाताला विजेसारखे झोंबते. फ्रिज दुसऱ्याने उघडावा. पॅक्लिटॅक्सेलने बोटांना मुंग्या येतात. शर्टाचे बटण लावणे जमेनासे झाले तर ते वहीत लिहून पुढच्या सायकलीआधी सांगावे. डॉक्सोरुबिसिनमुळे एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसते. औषध शिरेतून जात असताना सुईच्या जागी आग झाली तर सहन न करता त्याच क्षणी सिस्टरना हाक मारावी, कारण औषध शिरेबाहेर गेल्यास कातडी जळू शकते. केस बहुधा दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात आणि उपचार संपल्यावर परत येतात.

केमोनंतरचे ४८ तास लघवी, शौच आणि उलटीत औषधाचा अंश असतो. साफ करताना हातमोजे घालावेत, दोनदा पाणी ओतावे आणि खराब झालेले कपडे वेगळे धुवावेत. याचा अर्थ कर्करोग संसर्गजन्य आहे असा मुळीच नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे काढणारे घर मी पाहिले आहे आणि त्या माणसाचा चेहरा अजून विसरलेलो नाही.

रेडिएशनचे दिवस

रुग्ण ज्याला "शेक" किंवा "लाईट" म्हणतात ते रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस दिले जाते आणि तोंडा-गळ्यासाठी ते सहा-सात आठवडे चालते. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि संपल्यानंतरही एक-दोन आठवडे वाढू शकतो, म्हणून "संपले, आता बरे का वाटत नाही?" असे म्हणू नये. त्या जागी कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो. हळद, चंदन, तेल, वस्तरा आणि घट्ट कॉलर चालत नाही. खुणेची शाई पुसू नये. तोंड उघडण्याचे व्यायाम दुखत असले तरी शिकवल्याप्रमाणे रोज करावेत, नाहीतर पुढे जबडा आखडतो. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत; नातवंडाला मांडीवर घ्यायला काहीच अडचण नाही.

झाडपाल्याची औषधे

'नैसर्गिक' असलेले सगळे निरुपद्रवी नसते. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत, आणि केमोची कितीतरी औषधे यकृतातूनच बाहेर पडतात. नात्यातल्या कोणी आणून दिलेले चूर्ण घ्यायचेच असेल तर त्याचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे. लपवून घेतले आणि रिपोर्ट बिघडला, तर डॉक्टर दोष केमोला देतील आणि डोस कमी करतील.

वेदना

"सहन होतंय" या दोन शब्दांनी आपल्याकडे वेदनेवरचे उपचार अडतात. वेदना औषधाने कमी करता येते आणि जोराच्या वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या हे जगभर मान्य असलेले औषध आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यावर मान्यताप्राप्त संस्थांना त्या ठेवणे सोपे झाले, तरी प्रत्येक केमिस्टकडे त्या मिळत नाहीत. म्हणून वेदनाशमन किंवा पॅलिएटिव्ह विभागाची ओपीडी कोणत्या दिवशी असते हे दुखणे वाढण्याआधीच विचारून ठेवावे. साधी मॉर्फिनची गोळी सहसा दर चार तासांनी घड्याळाप्रमाणे घ्यायची असते, दुखण्याची वाट पाहत बसायची नसते. तिच्याबरोबर पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवेच. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्याने व्यसन लागण्याची भीती फार कमी असते, मात्र गोळी एकदम बंद करू नये. रुग्ण हाक मारूनही जागा होईनासा झाला किंवा श्वास फार मंद झाला तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. सिस्प्लॅटिन चालू असताना डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके स्वतःहून घेऊ नयेत, मूत्रपिंडावर ताण येतो. मॉर्फिनच्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात, किती उरल्या ते वहीत लिहावे आणि गरज संपल्यावर शिल्लक गोळ्या ज्या विभागाने दिल्या त्यालाच परत कराव्यात.